पाऊण एकराला खळ

"बाई, हे घर वाऱ्याच्या तोंडाला हाय. लेकरू घेऊन ऱ्हायचं तर इचार करा," असं धुरपताबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आमचा पलंग तेव्हा अर्धा टेम्पोत आणि अर्धा बाहेर होता. मी कडेवरच्या विभाला सावरत म्हटलं, "हवेशीर आहे ना, मग बरंच की." बी.एस्सी. झालेल्या बाईला हवेशीर घराचं फार कौतुक असतं. पाठ्यपुस्तकात तशा घराचं चित्रच असतं. त्यात एका खिडकीतून बाण आत येतात आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातात. त्या बाणांबरोबर आणखी काय काय येतं ते चित्रात दाखवत नाहीत. धुरपताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मिसरीचं बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "बरं बाई. मी आपलं सांगायचं काम केलं."

ही शहाऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाथरीहून सोनपेठला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात यांची हायस्कूलवर बदली झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं ज्यांची नावं येणार आहेत त्यांतले बरेचजण अजून तिथंच राहतात, आणि मीही तिथंच राहते. गावाच्या टोकाला अकरा घरांची नवी वस्ती. त्यातलं शेवटचं घर आमचं, त्याच्या अलीकडचं धुरपताबाईंचं, आणि समोर दिनकररावांचं पाऊण एकर पडीक रान. त्या रानात चार वर्षं वीटभट्टी होती. भट्टीवाल्यानं चांगली माती विटांत घालून नेली आणि मागं ठेवलं ते पीठ. काळ्या मातीचं आणि राखेचं, अगदी वस्त्रगाळ, एखाद्या वैद्यानं हेवा करावा असं.

दिवाळीत वारा नव्हता. माघात आला, आणि आल्यावर आधी आमच्याकडेच आला. भाकरीत कचकच, दुधाच्या सायीचा रंग करडा, न्हाऊन आलेल्या माणसाच्या भुवया पाच मिनिटांत म्हाताऱ्या. मी दिवसातून चारदा झाडत होते आणि दर वेळी सुपलीभर दिनकरराव (म्हणजे त्यांचं रान) त्यांच्याकडे परत टाकत होते. आमच्या यांना मात्र काही वाटत नव्हतं. हे इतिहास शिकवतात. इतिहासाच्या माणसाला धुळीचा राग येत नाही, त्यांचा अर्धा विषय तिच्याखालीच सापडतो.

मग एका दुपारी, विभा झोपलेली असताना, मला लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. बारीक, थांबून थांबून. आमच्या गावाला रेल्वे नाही. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आवाजाच्या मागं मागं गेले, तर तो पलंगावरून येत होता. अडीच वर्षांच्या माझ्या मुलीच्या छातीतून.

पाथरीच्या डॉक्टरांनी नळी लावली, गोड औषधाची बाटली दिली आणि म्हणाले, "धुळीपासून लांब ठेवा." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू धूळ गावात एका ठिकाणी बसलेली असते आणि आपण मुद्दाम तिच्याकडे जातो. यांनी ही हकिगत नांदेडला आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे कमलबाईंना, आंतरदेशीय पत्रानं कळवली. आठव्या दिवशी उत्तर आलं. माझ्या या वन्सं पत्रातसुद्धा मोठ्यानं बोलतात. 'पाडव्यानंतरच्या रविवारी येते. विभाला पाऊसकाळ लागेपर्यंत घेऊन जाते. शैलाला म्हणावं रडू नको, मी चार वाढवलीत.'

"ताईचं बरोबर आहे," हे म्हणाले.

"तीन महिने? अडीच वर्षांच्या मुलीचे तीन महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा दहावा भाग," मी म्हटलं. "तुमच्या वयाला लावला तर तीन वर्षं होतात. जाता का तीन वर्षं नांदेडला?"

"नांदेडला ताई आहे, वाघ नाही."

हे खरं होतं. वाघाशी माझं एवढं वैर नव्हतं. पण खरं सांगायचं तर वन्संवर माझा राग नव्हता, भीती होती. विभा रात्री झोपली की मी तिचा श्वास मोजते. नांदेडला तो कोण मोजणार, आणि मी इथं काय मोजत बसणार, हे मला कळेना. पाडव्याला सहा आठवडे होते. धूळ जाईल किंवा मुलगी जाईल, इतकी सरळ गोष्ट होती.

धुळीवर उपाय विचारायला मी कुणाकडे गेले नव्हते. उपाय स्वतः चालत आले. वस्तीतल्या अकरा घरांतून चौदा सल्ले मिळाले. कुणी म्हणालं खिडक्या बुजवा. कुणी म्हणालं कडेनं साबर लावा, आठ-दहा वर्षांत दाट होते. पोस्टातल्या एका गृहस्थांनी मोटारीचं जळकं तेल ओता म्हणून सांगितलं आणि आपला पुतण्या ते विकतो हेही सांगितलं. धुरपताबाईंचं मत ठाम होतं. "शेणाचा सडा. अंगणातली माती का उडत न्हाई? रोज सडा पडतो म्हणून."

"अहो, पाऊण एकराला किती शेण लागेल?"

"ते तुमी काढा हिसाब. शिकलेल्या तुमी हाव."

मी खरंच काढला. हिशेबात दररोज त्रेसष्ट म्हशी येत होत्या. गावात एकोणीस होत्या, आणि त्यांची इतर कामं होती.

पण धुरपताबाईंच्या त्या बोलण्यानंच मला माझी कॉलेजची वही आठवली. लग्नात रुखवताबरोबर आली होती आणि ट्रंकेच्या तळाशी पडली होती. त्यात, शेवटच्या वर्षाच्या टिपणांत, परदेशात वाळूच्या टेकड्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पॉलिमर फवारतात, असं दोन ओळींत लिहिलेलं होतं. समासात मी त्या काळी एक फूल काढलं होतं, म्हणजे तासाला माझं लक्ष किती होतं ते कळतं. पॉलिमर म्हणजे एकाच जातीच्या लहान लहान रेणूंनी हातात हात धरून केलेली लांबच लांब साखळी. मातीचे कण सुटे असतात म्हणून उडतात. ही साखळी त्यांच्यातून ओवली गेली की ते एकमेकांना धरून बसतात. हे सगळं मी धुरपताबाईंना कुंपणावरून समजावून सांगितलं.

"म्हंजे डिंक," त्या म्हणाल्या.

"डिंक नाही हो. पॉलिमर."

"चिकटतंय का?"

"चिकटतं."

"मग डिंकच की. नाव काय का असंना."

माझा मावसभाऊ मुंजाजी औरंगाबादला एका रंगाच्या कारखान्यात होता. भिंतीच्या रंगात जे पांढरं, दुधासारखं पातळ पॉलिमर घालतात, ते त्याच्या हाताखालून जायचं. मी त्याला पत्र लिहिलं. त्यानं आधी एक बाटली पाठवली, सोबत चिठ्ठी: 'अक्का, एकास दहा पाणी. विषारी नाही. तरी विभाच्या हाताला लागू देऊ नकोस, नंतर सगळं घर तिच्या हाताला लागेल.'

प्रयोग स्वयंपाकघरात केला. दोन पराती घेतल्या. दोन्हींत दिनकररावांची माती पसरली. एकीवर पॉलिमरचं पाणी शिंपडलं, दुसरी तशीच ठेवली, कारण शास्त्रात तुलनेला एक वस्तू तशीच ठेवावी लागते. दोन दिवस उन्हात वाळवून दोन्ही पराती टेबलपंख्यासमोर मांडल्या आणि बटण दाबलं. शिंपडलेल्या परातीतला एक कणही हलला नाही. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला. दुसरी परात मात्र उठली ती सरळ पलीकडच्या खोलीत गेली, जिथं हे नववी 'ब'चे पेपर तपासत बसले होते. त्या वर्षी नववी 'ब'ला इतिहासात मार्क बरे पडले. पेपरातलं बरंचसं वाचता येत नव्हतं आणि यांचा स्वभाव मुळात दयाळू आहे.

मुंजाजीनं मग दोन मोठी पिंपं पाठवली. रंगाच्या कामाला नापास झालेला माल होता, कारखाना फेकणारच होता. पिंपं औरंगाबादहून निघाली त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला, दोन दिवस ट्रक जागेवर उभा. तिसऱ्या दिवशी निघाला तो वाटेतल्या एका जकात नाक्यावर अडला. कोणत्या ते विचारू नका, त्या रस्त्याला नाके पुष्कळ आहेत. तिथल्या कारकुनाच्या वहीत खाण्याचं, पिण्याचं, जळणाचं, इमारतीचं आणि जनावर असे पाच रकाने होते. पॉलिमर पाचांतही बसेना. ट्रकवाल्याला घाई होती, त्यानं "रंगात घालत्यात" म्हणून सांगितलं. झालं, 'इमारती सामान'. आणि इमारती सामान असल्यामुळं ते बांधकामातच वापरलं असा ग्रामसेवकाचा दाखला महिन्याच्या आत पाठवावा, असा कागद ट्रकबरोबर माझ्या हातात आला.

आमचे ग्रामसेवक चंद्रभान. माणूस सज्जन, पण कागद पाहिला की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखा भाव येतो. "बांधकाम कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"बांधकाम नाही हो. समोरच्या रानात ओतायचं आहे."

"पाया भरायलाव म्हणा की."

"पायाही नाही. नुसतं वरून शिंपडायचं."

चंद्रभाननी कागदाची घडी घातली. "बाई, बांधकाम झाल्याबिगर दाखला कसा देऊ? तुमी करा काय करायचं ते. मी येऊन बघतो." पारावर बसलेल्यांनी एवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावात नक्की झालं की दिनकररावांच्या रानात टॉकीज होणार आहे आणि तिकिटाच्या खिडकीवर मी बसणार आहे.

रान दिनकररावांचं, तेव्हा त्यांना विचारणं आलं. दिनकरराव जुन्या काळचे, निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, बाईमाणूस दारात आलं की बाजेवरून उठून उभे राहणारे. मी रेणूंची साखळी त्यांनाही सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"म्हंजे रानाचं भलं होणार."

"हो. माती जागेवर राहील."

"इजाजत हाय बाईसाहेब. खुशाल करा. हिरीतलं पानी घ्या, खारं हाय, पेयाच्या कामाचं न्हाईच." मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "रान आमचं, मेहनत तुमची, बरं दिसत न्हाई. आमीबी काहीतरी हातभार लावताव." मी नको नको म्हटलं. एवढ्या अदबीनं म्हटलं की त्यांनी ते हो धरलं असणार. हातभार म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. शिकलेली माणसं चुकीच्या ठिकाणी शंका काढतात आणि योग्य ठिकाणी आभार मानतात.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, एका बिनवाऱ्याच्या दिवशी, आम्ही कामाला लागलो. धुरपताबाईंच्या भावाचा कापसावर फवारायचा पंप आणला होता. तो तिसऱ्या मिनिटाला चोंदला, आणि भावानं "आता याच्यातून बोंडअळीवर डिंक मारू का," म्हणून जे तोंड केलं ते मी अजून विसरले नाही. मग झारी आणली. झारीची भोकं बुजली. शेवटी धुरपताबाई पुढं झाल्या, पदर खोचला, बादली कमरेला लावली आणि ओंजळीनं असा एक फटका मारला की पांढरं पाणी पंख्यासारखं पसरून मातीवर सारखं बसलं. तीस वर्षांच्या सड्याचा हात होता तो. वस्तीतल्या आणखी सात बायका आपापल्या बादल्या घेऊन आल्या. परदेशातल्या शास्त्रज्ञांना यंत्रानं जे जमतं ते आमच्या नऊ बायकांनी दिवस मावळेपर्यंत हातानं केलं. मधेच माझ्या लक्षात आलं की धुरपताबाई प्रत्येक बादलीत एक गोळा शेण कालवत आहेत.

"अहो, हे काय? प्रमाण बिघडेल."

"नुसतं पांढरं पानी का कुणी शिंपत असतंय? बरं दिसतंय का ते? मातीला काहीतरी वास लागतो."

मी वाद घातला नाही. दिवसभर वाकून कंबर राहिली नव्हती. संध्याकाळी ओटीवरून त्या ओल्या रानाकडे पाहताना मला वाटलं, आपण जगाला काही दिलं. दोन दिवस कडक ऊन मिळालं की झालं. विभा शेजारी बसून आपल्या बाहुलीवर सडा घालत होती. त्या रात्री मी तिचा श्वास मोजलासुद्धा नाही.

सकाळी जाग आली ती बें बें करणाऱ्या आवाजांनी. एक-दोन नव्हेत. मी दार उघडलं. समोरच्या रानात दोनशे मेंढ्या बसल्या होत्या.

आमच्याकडे रानात मेंढ्या बसवण्याची रीत आहे. सुगी झाली की धनगरांचे कळप येतात, शेतकरी त्यांना जवारी देतो आणि रात्रीपुरता कळप आपल्या शेतात बसवून घेतो, लेंडीचं खत मिळावं म्हणून. त्याच्याहून चांगला उपकार एक शेतकरी दुसऱ्यावर करू शकत नाही. दिनकररावांनी तोच केला होता. बाई आमच्या रानासाठी एवढी खपते, तर आपणही हात आखडायला नको, म्हणून अंधार पडल्यावर येडबा धनगराचा कळप, स्वतःच्या घरची जवारी देऊन, त्यांनी माझ्या ओल्या पॉलिमरवर बसवला होता.

येडबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "बाई, मेंढरं उठनात," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही. असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सांगत होता.

उठत होत्या, पण विचार करून उठत होत्या. आधी पुढचे पाय, मग थोडा आराम, मग एक ओढ आणि टरकन आवाज. पोटाला, गुडघ्यांना, शेपटीला मातीच्या पाटीएवढ्या खपल्या. काही मेंढ्या तशाच चालत सुटल्या. पाऊण एकरातला निदान अर्धा गुंठा माझ्या डोळ्यांसमोर चार-चार पायांवर पाथरीच्या दिशेनं निघाला. माझं पॉलिमर मातीला धरून राहतं हे सिद्ध झालं होतं. फक्त माती मेंढीला धरून होती.

येडबाची बायको कासाबाई एका मेंढीला उलटी धरून तिच्या पोटावर टिचक्या मारत होती. पन्नाशीची, काटक, कपाळभर कुंकू. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देताव, कडक ऱ्हावं म्हणून. तू जित्या मेंढरालाच दिलीस, माय."

मी तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले. बसायला नको होतं. उठताना माझ्या पातळाचं जे झालं ते मेंढ्यांनी पाहिलं आणि मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

धुरपताबाईंनी वस्ती गोळा केली. अकरा घरांतले अकरा बंब पेटले. कोमट पाण्यानं ते ताजं पॉलिमर सुटतं, हे मला पुस्तकानं माहीत होतं. पुस्तक मेंढ्यांनी वाचलेलं नव्हतं. एकेक मेंढी म्हणजे एकेक हट्टी पाहुणा. हे शाळेतून सुट्टी काढून आले आणि दोन तासांत त्यांचा मेंढ्यांनी असा पराभव केला की पुढं आठवडाभर ते पानिपत शिकवू शकले नाहीत. खपली जिथं सुटेना तिथली लोकर कासाबाई कात्रीनं कापत होती. मी तिच्याजवळ बसून मेंढीचे पाय धरत होते आणि मिनिटाला एकदा माफी मागत होते.

"किती डाव म्हणशील," ती म्हणाली. "पोटाची लोकर अशीबी भिकार असती. चैतात कातरायचीच होती. गडी लावला असता तर भाकरी द्यावी लागली असती, इथं मास्तर फुकट हाय."

ती हसली, आणि हसणं संपल्यावर मला रेल्वेची शिट्टी ऐकू आली.

मी मेंढीचे पाय सोडले. मेंढी पळाली, येडबा तिच्यामागं पळाला. आवाज कासाबाईच्या छातीतून येत होता. बारीक, थांबून थांबून. विभाच्या छातीतला आवाज लहान गाडीचा होता, हा मालगाडीचा होता. "कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"काय?"

"छातीतलं."

"हे व्हय. हे तर हायच की. मेंढरामागं चाललं की उडतंयच. आता मेंढराला पाय न्हाईत का रस्त्याला माती न्हाई?" तिला मी काय विचारते आहे ते कळलं नाही. दोनशे मेंढ्यांचे आठशे पाय, आणि त्यांच्यामागं, मेलेल्या-थकलेल्या कोकरांना उचलत, रोज पाच-सहा कोस ही बाई. मी पाऊण एकरासाठी जग डोक्यावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी विभाला आणि कासाबाईला एसटीनं पाथरीला नेलं. कासाबाई यायला तयार नव्हती. "मी मरतेय का काय," म्हणत होती. विभाला सुई टोचणार आहेत, तिला धरायला कुणीतरी हवं, असं मी खोटं सांगितलं, तेव्हा लगेच चपला घालून निघाली. डॉक्टरांनी दोघींना नळी लावली. औषध तेच दिलं, एकीला चमचा लहान, एकीला मोठा. आणि कासाबाईलाही म्हणाले, "धुळीपासून लांब राहा." ती एवढी हसली की डॉक्टरांना नळी पुन्हा लावावी लागली.

परत येताना मी तिला सांगितलं, "कळपाच्या मागं चालू नका. पुढं चाला, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं. आणि तोंडाला ओला पदर."

"म्होरं चालायचं काम यांचं. मागचं माझं."

येडबाला सांगितलं. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "इचार करतो," म्हणाला. पाडव्याच्या आदल्या दिवशी कळप निघाला. कासाबाईनं विभाच्या हातात लोकरीचा एक गुंडा दिला, माझं पॉलिमर लागून दगडासारखा झालेला. मी ओटीवरून पाहत होते. वळणापर्यंत ती मागंच होती.

इकडं रानाची दशा बघवत नव्हती. गुळगुळीत, एकसारखा थर व्हायला हवा होता तिथं खुरांनी तुडवलेला, लेंड्या रुतलेला, शेण कालवलेला, खडबडीत पापुद्रा वाळून पडला होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभान कागद घेऊन आले. रानात मधोमध उभे राहिले. चपलेच्या टाचेनं एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं, खाली वाकून बोटानं उकरायला गेले, नख दुखावलं. "पाया पक्का हाय," म्हणाले आणि तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून दाखला लिहून दिला. आमच्या भागातलं भिंती नसलेलं ते एकमेव अधिकृत बांधकाम.

रविवारी वन्सं आल्या, आणि त्यांच्याबरोबर वारा. असा वारा त्या साली आधी आला नव्हता. एसटी थांबली तेव्हा ती दिसतच नव्हती, नुसता आवाज थांबला. वस्तीत सगळ्यांनी सवयीनं दारं-खिडक्या लावल्या. मी विभाला पदराखाली घेऊन खिडकीच्या फटीला डोळा लावला. रस्त्याची धूळ उठली, गावातल्या उकिरड्याचे कागद उठले, कुणाची तरी टोपी पाथरीकडून सोनपेठकडे गेली. समोरचं रान मात्र बसून होतं. ढेकूळ ढेकळाला धरून, लेंडी लेंडीला धरून, एखादी म्हातारी माहेरी येऊन ठाण मांडते तसं. कडेचा भुगा थोडा उडाला. बाकी काही नाही. मी फट सोडून दार उघडलं आणि वाऱ्यात उभी राहिले. केस विस्कटले, पण भुवया काळ्याच राहिल्या.

वन्संनी आल्या आल्या फळीवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. जेवताना पहिला घास बराच वेळ चावला, कान देऊन. रात्री विभाला स्वतःजवळ घेतलं. मी पलीकडच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडले होते. आमची झोपण्याची वेळ टळून गेल्यावर त्यांचा आवाज आला, "शैला, झोप. मी मोजतेय." त्यांना हे कुणी सांगितलं होतं, मला अजून माहीत नाही. हे म्हणतात, "मी नाही सांगितलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सामान भरलं. एकच पिशवी भरली. मी विभाची झबली घडी करून, रडायचं नाही असं ठरवून, हातात घेऊन उभी होते. त्या म्हणाल्या, "ते कशाला? ठेव कपाटात. खोकला वाढला तर कार्ड टाक, मी दुसऱ्या गाडीनं येते." आणि दाराशी थांबून समोर पाहिलं. "मेंढ्या परत कधी बसवणार आहेस?"

जूनमध्ये त्या रानात हिरवं दिसायला लागलं. मेंढ्यांनी जिथं जिथं जे जे खाल्लं होतं त्याचं बी लेंडीतून आलं होतं आणि पापुद्र्यानं ते वाऱ्याला दिलं नव्हतं. पाऊस फार नव्हता तरी गवत धरलं, आठ-दहा बाभळींची रोपं वर आली, आणि आता पॉलिमर उरलं नाही तरी मुळं माती धरून आहेत. याचं श्रेय कुणाचं यावर वस्तीत एकमत नाही. धुरपताबाई म्हणतात शेणाचं. दिनकरराव वर हात करतात, पण वर बघताना थोडं स्वतःकडेही बघतात. हे म्हणतात, मेंढ्यांचं. मी पॉलिमरवर ठाम आहे, आणि मुंजाजीला तसं लिहूनही टाकलं आहे. विभाची शिट्टी गेलेली नाही. पण महिन्यातून एखाद्याच रात्री ऐकू येते, आणि तिच्या नांदेडला जाण्याचा विषय आता फक्त दिवाळीच्या सुट्टीत निघतो.

पुढच्या वर्षी कळप आला. कासाबाई मागंच चालत होती, पण तोंडाला ओला पदर होता. औषधाची बाटली संपलेली होती, मी नवी आणून दिली. "इचार चालूय," येडबा म्हणाला. यंदा पौष सरला, माघ सरत आला, धनगरांचा तळ इकडं आलेला नाही. दिनकररावांनी जवारी काढून ठेवली आहे. कुणी म्हणतं पाण्यासाठी पूर्णेकडे गेले, कुणी म्हणतं गोदावरी ओलांडून पलीकडे. रोज संध्याकाळी मी ओटीवर उभी राहून धूळ कुठं उठते ते बघते, आणि धुरपताबाई मला म्हणतात, आता धुळीचीच वाट बघायलाव का.

म्हणून तुम्हाला सांगते. सोनपेठ, पाथरी, पूर्णा, या रस्त्यांना तुमचं जाणं होत असेल आणि मेंढरं आडवी आली, तर हॉर्न वाजवू नका. उतरा. कासाबाई येडबाची म्हणून विचारा. तब्येत विचारलीत तर ती "मला काय झालंय" म्हणेल, ते धरून चालू नका. ती कळपाच्या पुढं चालते आहे का मागं, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मागं असेल तर येडबाला माझं नाव सांगून विचारा, विचार कुठवर आला. आणि पुढं असेल तर दोन ओळींचं कार्ड मला टाका. पत्ता सोपा आहे, पाथरी-सोनपेठ रस्त्यावर भिंती नसलेलं बांधकाम कुठं आहे म्हणून विचारलं तरी पोस्टमन आणून देतो.